गच्चीवर कोळशावर भाजलेली कोंबडी वरून करपते आणि हाडाजवळ लालसर राहते, ती का?

धरमपेठकर
थंडी सुरू झाली की आमच्याकडे गच्चीवर कोळशाची ग्रिल मांडली जाते. लेग पीसना चिरा देऊन ते सावजी मसाल्यात रात्रभर मुरवतो. परंतु जाळीवर ठेवताच भडका उडतो, मसाला काळा पडून कडवट होतो आणि सुरी घातल्यावर हाडालगतचे मांस मात्र लालसर दिसते. घरात वृद्ध मंडळी व लहान मुले असल्यामुळे कच्चेपणाची विशेष काळजी वाटते. कोळसा, मसाला की वेळ, नेमके काय बदलावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

महालकर
भाऊ, सर्वप्रथम कोळशाची मांडणी बदला. संपूर्ण ग्रिलभर निखारे पसरले की मांसाला आचेपासून दूर सरकायला जागाच उरत नाही, म्हणून सगळे निखारे एका बाजूला लोटून दुसरी बाजू रिकामी ठेवावी. बाभळीचा कोळसा चांगला टिकतो. त्यावर राखेचा पांढुरका थर येईपर्यंत जाळीवर काहीही ठेवू नये, आणि तो पेटवण्यासाठी रॉकेल मुळीच वापरू नये, कारण त्याचा वास मांसाला लागतो. लेग पीस आधी रिकाम्या बाजूला ठेवून झाकावेत (ग्रिलला झाकण नसल्यास एखादे मोठे पातेले उपडे घालावे), तेथे साधारण अर्धा-पाऊण तास शिजू द्यावेत आणि अगदी शेवटी निखाऱ्यांवर आणून दोन्ही बाजूंनी रंग आणावा. वेळेचा हा अंदाज तुकड्याच्या आकारानुसार आणि वाऱ्यानुसार बदलतो, म्हणून भरवसा थर्मामीटरवरच ठेवावा. त्याची सुई मांसाच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसावी. तापमान 74 अंश सेल्सिअस झाले की कोंबडी खाण्यास सुरक्षित असते. तरीही लेग पीस 80 ते 85 अंशांपर्यंत नेल्यास त्यातील चिवट तंतू विरघळून मांस हाडापासून सहज सुटते. ब्रेस्टला हे लागू नाही. आपल्याकडे कोंबडी बहुधा कातडी काढूनच मिळत असल्याने ब्रेस्ट लवकर कोरडे पडते, ते 74 अंशांवरच उतरवावे.

मानेवाडाकर
भडक्याचे कारण मसाल्यातील तेल आहे, असे माझे ठाम मत आहे. सावजी मसाला तेलावर परतून रश्श्यात शिजवण्यासाठी असतो. त्यातील खोबरे, खसखस, दगडफूल हे जिन्नस आधीच भाजलेले असतात, त्यामुळे उघड्या निखाऱ्यावर ते दुसऱ्यांदा भाजून करपतात आणि निथळणारे तेल कोळशावर पडून ज्वाळा उठतात. त्याऐवजी मांसाला आदल्या रात्री किलोमागे 12 ते 15 ग्रॅम मीठ व आले-लसूण चोळून फ्रिजमध्ये ठेवावे, भाजण्यापूर्वी काही तास टांगलेले घट्ट दही, तिखट आणि थोडेसेच तेल लावावे, आणि सावजी रस्सा चांगली तर्री आणून वेगळा वाढावा. चवीत काहीही उणे होत नाही, उलट रस्सा आणि धुरकट मांस एकत्र फार छान लागते. मुरवण उरलेच तर ते उकळल्याशिवाय भाजलेल्या तुकड्यांवर लावू नये, आणि कच्च्या मांसाचे ताट व चिमटा पुन्हा वापरू नये.

धरमपेठकर
दोघांचेही मनापासून आभार. एक शंका उरते: 74 अंश होऊनही हाडाजवळ लाली दिसली, तर काय समजावे?

महालकर
बाजारातील ब्रॉयलर कोंबडी कोवळ्या वयाची असते, तिची हाडे सच्छिद्र असतात आणि शिजताना मज्जेतील रंग झिरपून आजूबाजूच्या मांसात उतरतो. त्यामुळे पूर्ण शिजलेले मांसही तेथे लालसर दिसू शकते, आणि याउलट पांढरे दिसणारे मांस आतून थंड असू शकते. जाळीवरील प्रत्येक तुकड्याचे तापमान स्वतंत्रपणे तपासावे. निखाऱ्यांपासून सर्वांत दूर असलेला तुकडा बहुधा शेवटी तयार होतो, म्हणून मध्येच तुकड्यांच्या जागा एकदा बदलून घ्याव्यात.