राजकारणावर खुसखुशीत लिहिणारे मराठी पत्रकार कोण वाचावेत?

बातमीवेडी: पत्रकारिता शिकतेय. सभा, दौरे, अधिवेशन सगळ्याच्या बातम्या मला एकाच साच्यातल्या वाटतात, वाचताना हसू येईल आणि मुद्दाही कळेल असं लिहिणारे कोण? आजचे नाही, जुने पण चालतील.

जुना_वाचक: अत्रेंपासून सुरू कर ताई. १९४० ला 'नवयुग' काढलं, मग १५ नोव्हेंबर १९५६ ला 'मराठा', ऐन संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात, आणि १९५७ ला तर स्वतः आमदार होऊन विधानसभेत गेले, म्हणजे बघणाराही तोच आणि भांडणाराही तोच, म्हणून ती धार. पण भाषा फार झोंबणारी, सगळंच उचलू नको. त्याआधी टिळकांचा १८९७ चा 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' बघ, नुसता मथळाच काय जबरदस्त आहे!

तालुका_वार्ताहर: वाच जरूर, पण सभेला गेलीस की स्टेजसमोर पत्रकारांच्या रांगेत बसू नको. मागे जा. नेते वर 'जनसागर' म्हणत असतात आणि मंडपवाला मागच्या रिकाम्या खुर्च्या एकात एक घालून टेम्पोत चढवत असतो, तेवढं एक वाक्य लिहिलंस तरी बास, वर टोमणा मारायची गरज नाही. आणि दौऱ्यावर नेत्याच्या गाडीत बसायचं नाही, एसटीनं जायचं. लोक तिथे खरं बोलतात, गाडीत फक्त पीए बोलतो.

बातमीवेडी: हे कॉलेजात कुणीच सांगितलं नव्हतं दादा! परवा आमच्याकडे सभा आहे, मागेच उभी राहते.