डीयू टॉवरवर की बेळगावात? (खानापूर-जांबोटी पट्टा)

खानापूरकर:
५जी बेस स्टेशनचे हल्ली तीन तुकडे करतात. टॉवरवरचा रेडिओ म्हणजे आरयू, वेळेची घाई असलेलं काम डीयूकडे आणि सावकाशीचं सीयूकडे. आता कोण कुठं बसवायचा? माझं मत, जांबोटी-कणकुंबीकडे डीयू टॉवरच्या बुडाशीच हवा. सगळे डीयू बेळगावात गोळा करायची टूम स्लाइडवर झकास दिसते. गेल्या पावसाळ्यात आमच्या रस्त्याला गटार काढताना जेसीबीनं ओएफसी, म्हणजे काचेच्या तंतूंची केबल, उचकटली. दोन दिवस माणसं वळणावर उभी राहून शेजारच्या महाराष्ट्र-गोवा सर्कलच्या सिग्नलची दांडी शोधत होती.

टिळकवाडीचा बंड्या:
केबलच तुटली तर बुडाशी डीयू ठेवून काय पूजा करणार? कोअर, म्हणजे कॉल आणि डेटा जोडणारं मुख्य जाळं, पलीकडेच आहे की. फोन काय डीयूला लावणार? गोळा केल्यानं फायदा बघ: दुपारी गर्दी शहापूरच्या बाजारात, रात्री घराघरांत. डीयूचा तोच सर्व्हर दोन्ही ठिकाणचा भार उचलतो. टॉवरवर ठेवलास तर प्रत्येकाला आपापल्या गर्दीच्या वेळेपुरतं यंत्र लागणार आणि बिघडलं की माणूस घाटात.

खानापूरकर:
केबल तुटल्यावर मायक्रोवेव्ह, टॉवर-टॉवरमधला बिनतारी दुवा, असतो नव्हं, म्हणून तर म्हणतोय! ३जीपीपीनं, म्हणजे मोबाइलची मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं, तुकडे पाडायचे ८ पर्याय मांडले. त्यातला पर्याय २, सीयू आणि डीयूच्या मधला, मानकाच्या रिलीज १५ या आवृत्तीत एफ१ नावानं पक्का झाला. त्या दुव्यावर लोकांचा डेटा असेल साधारण तेवढंच ओझं, आणि काही मिलीसेकंदांचा उशीर चालतो. साधा मायक्रोवेव्ह ते ओढतो, कमी वेगानं का होईना.

ओ-रॅन या दुसऱ्या गटाच्या मानकातला ७.२ म्हणजे डीयू-आरयूमधला काप. तिथं मोठ्या आरयूला १० किंवा २५ जीबीपीएसचा पोर्ट लागतो, आणि उशीर एका बाजूनं १०० मायक्रोसेकंदांच्या आसपासच चालतो. काचेतून प्रकाशाला किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे २० किलोमीटरला संपलं. खानापूर-बेळगावच रस्त्यानं पंचवीसच्या वर, आणि केबल कधी सरळ जाते का? रिंग करून दुसऱ्या वाटेनं फिरवलीस तर आणखी लांब.

टिळकवाडीचा बंड्या:
अंतराचं मान्य. सीप्री, म्हणजे रेडिओ जोडायची जुनी पद्धत, तिचं तर त्याहून वाईट: २० मेगाहर्ट्झ, दोन अँटेना, की २.४५ जीबीपीएस सतत. रात्री दोनला भीमगडाकडं वाघाशिवाय कोणी जागं नसलं तरी तेवढंच वाहणार! ते मी मागत नाही. पण शहरात, टिळकवाडी ते शहापूर, माझंच बरोबर. शेजारचे सेल (एकेका अँटेनाच्या टापूतले भाग) एकाच डीयूवर असले की एकमेकांतला गोंधळ आवरणं सोपं.

निपाणीवाला:
अरे, दोनच जागा आहेत काय जगात? डीयू खानापूर गावात ठेवा. जांबोटी तिथून वीसच्या आत बसेल, निदान कागदावर. सीयू बेळगावात. युझरचा डेटा बाहेर काढणारा यूपीएफ बेंगळुरूला असला तरी ५०० किलोमीटरला जाताना अडीच मिलीसेकंद. व्हिडिओ कॉलला काय फरक पडतोय?

खानापूरकर:
खानापूर-जांबोटी केबल तुटली की तुझा मधला डीयू परत आंधळा. मायक्रोवेव्हवर ७.२ चढवून दाखव मग बोलू.

टिळकवाडीचा बंड्या:
आणि वीज? नुसता रेडिओ बॅटरीवर जेवढा तग धरतो, तेवढा डीयू आल्यावर धरेल काय? झड लागली की आठ-आठ तास लाइट नसते तिकडे. केबल शाबूत आणि टॉवर झोपलेला, असं होणार बघ.

खानापूरकर:
हा मुद्दा खरा, उत्तर सोपं नाही. पण बॅटरी वाढवता येते, डिझेलचे कॅन आजही पोरं खांद्यावरून नेतात. वीस किलोमीटर मात्र वाढवता येत नाहीत.

निपाणीवाला:
मग डिझेलचा खर्च डीयूच्या हिशेबात धरा, सर्व्हर वाचवल्याचा फायदा त्यातून वजा करा, आणि मग भांडा. आत्तापर्यंत दोघांपैकी एकानंही पैशाचा आकडा टाकला नाही.