शिक्षण संपलं, आता घरी परतायचंय: आधी नोकरी की आधी सामान?

अर्धविराम (धागाकर्ता)

मास्टर्स किंवा पीएच.डी. संपत आली की एक सल्ला हमखास कानावर पडतो: "हातात ऑफर असल्याशिवाय विद्यापीठाचं गाव सोडू नकोस, घरी गेलास की सुस्तावशील." माझं मत बरोबर उलटं आहे. ज्यांना शेवटी आपल्या गावातच काम करायचंय, त्यांनी थिसिस जमा केली की निघावं. नोकरीचा शोध घरून.

पहिलं कारण हिशेबाचं. शिल्लक भागिले महिन्याचा खर्च, म्हणजे किती महिने टिकता येईल ते. हा आकडा चारच्या खाली गेला की माणूस निवड करणं सोडतो आणि पहिल्या ऑफरला मान डोलावतो. घरी भाडं नसलं की तोच आकडा दुपटीच्या आसपास जातो. पगाराच्या वाटाघाटीत याहून मोठा आधार दुसरा नाही.

दुसरं कारण मुलाखत घेणाऱ्याच्या बाजूचं. अर्जावर दूरचा पत्ता दिसला की त्याच्या मनात तीन शंका येतात: खरंच येणार का, कधी येणार, आणि सामान हलवण्याचा खर्च मागणार का. मोठ्या कंपन्या थांबतात. पंधरा-वीस माणसांची कंपनी थांबत नाही. तिला जागा भरायची असते ती पुढच्या सोमवारी.

मुद्दे खोडून काढा. "सुस्तावशील" एवढंच म्हणू नका.

दुसरा परीक्षक

सुस्तीचा प्रश्नच नाही. तुमच्या पहिल्या परिच्छेदात एक शब्द सैल सुटलाय: "जमा केली की".

थिसिस जमा करणं आणि पदवी मिळणं यांच्यामध्ये परीक्षकांचे अहवाल, व्हायवा (तोंडी परीक्षा), दुरुस्त्या आणि अंतिम प्रतीची स्वीकृती एवढं सगळं असतं. यातलं काहीही तुमच्या वेळापत्रकाने होत नाही. एक नेहमीची दुरुस्ती बघा. परीक्षक लिहितो: "आकृती ४.७ मधले एरर बार कशाचे आहेत, स्टँडर्ड डेव्हिएशन की स्टँडर्ड एरर?" एका ओळीचा प्रश्न. (एरर बार म्हणजे बिंदूवरची अनिश्चितता दाखवणाऱ्या रेघा; पहिलं मोजमापांचा पसारा सांगतं, दुसरं सरासरीतली अनिश्चितता.) प्रत्येक बिंदूला पाच मोजमापं असतील तर या दोन्हींत वर्गमूळ पाच, म्हणजे २.२४ पटींचा फरक. आकृती कोणत्या पद्धतीने काढली हे माहीत असेल तर दहा मिनिटांत उत्तर देता येतं. पण काही बिंदूंना पाच आणि काहींना तीन मोजमापं असतील, आणि ते फक्त प्रयोगशाळेतल्या वहीत लिहिलेलं असेल, तर घरी बसून तुम्ही ज्युनिअरला फोन करत राहणार. तो त्याच्या सवडीने वही शोधणार आणि फोटो पाठवणार. त्या फोटोत पानाचा कोपरा कापलेला असणार.

त्यात नवी नोकरी लागलेली असेल तर आणखी पंचाईत. प्रोबेशनमध्ये सहसा लांब रजा मिळत नाही, म्हणजे दुरुस्त्या रात्री अकरानंतर. आठवड्याचं काम तीन महिने रेंगाळतं ते असं.

लॉगबुक

परीक्षकसाहेब, तुमच्या उदाहरणातून राहायचं गाव चुकलं असं नव्हे, बांधाबांध कच्ची होती एवढंच सिद्ध होतं. आवरायला निघायच्या सहा आठवडे आधी बसावं. शेवटच्या आठवड्यात फक्त पुस्तकं परत होतात आणि निरोपाचे फोटो निघतात.

एक फोल्डर, आत प्रत्येक आकृतीसाठी एक उपफोल्डर. त्यात तीनच गोष्टी: आकृतीमागचे आकडे साध्या सीएसव्हीत (कुठेही उघडणारी मजकूर फाइल), आकृती काढणारी स्क्रिप्ट, आणि चार ओळींची टीप (मोजमापं किती, एकक काय, एरर बार कशाचे, वहीचं पान कुठलं). आकृती ४.७ चा प्रश्न इथेच मिटला.

सीएसव्हीचा आग्रह का? कारण विद्यापीठाचं लायसन्स तुमच्याबरोबर येत नाही. मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरमध्ये ७.३ प्रकाराने सेव्ह केलेली मॅट फाइल पायथन भाषेतल्या सायपाय लायब्ररीने उघडत नाही. ती आतून एचडीएफ-५ नावाच्या साच्यात असते, तिला वेगळी लायब्ररी लागते. त्यात टेबल म्हणून ठेवलेले आकडे असतील तर तिथेही हाताला धड काही लागत नाही. ओरिजिन या आलेख काढायच्या सॉफ्टवेअरच्या प्रोजेक्ट फाइलसाठी मोफत व्ह्यूअर मिळतो, पण त्यात बघता येतं, बदलता येत नाही. एसपीएसएस हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर वापरणारे त्यातल्या त्यात सुखी, त्यांची फाइल आर किंवा पीएसपीपी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडते.

कोड विद्यापीठाच्या सर्व्हरवर असेल तर गिटचा नुसता क्लोन (प्रत) पुरत नाही, सगळ्या शाखांसकट मिरर क्लोन घ्या. तरीही मोठ्या फाइल्स गिट एलएफएसमध्ये (त्या वेगळ्या ठेवायची सोय) असतील तर त्या त्यात येत नाहीत, त्यांच्या जागी छोट्या खुणेच्या फाइल्स येतात. त्या वेगळ्या ओढाव्या लागतात. इथे खूप जण फसतात, कारण फोल्डर भरलेलं दिसतं.

प्रती तीन: दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या ठिकाणी. आणि शेवटची परीक्षा: दुसऱ्याच लॅपटॉपवर, इंटरनेट बंद करून, अख्खी थिसिस कंपाइल करून, म्हणजे मूळ फाइल्सपासून पीडीएफ बनवून बघा. फॉन्ट नाही, संदर्भांची फाइल नाही, एक आकृती डेस्कटॉपवरून उचललेली, हे सगळं तेव्हाच बाहेर पडतं.

दुसरा परीक्षक

यादी चांगली आहे, पण एक गोष्ट गाळलीत. कच्चा डेटा बहुतेक ठिकाणी संस्थेचा असतो, विद्यार्थ्याचा नव्हे. रुग्णांची किंवा मुलाखती दिलेल्या लोकांची माहिती असेल तर ती स्वतःच्या हार्ड डिस्कवर घरी नेणं हा संमतिपत्राचाच भंग ठरू शकतो. गाइडची लेखी परवानगी घ्या, काय नेलं आणि काय ठेवलं ते लिहून. आणि असा डेटा न्यायचाच नसेल तर दुरुस्त्यांसाठी तिथे राहावंच लागतं. फिरून माझाच मुद्दा.

लॉगबुक

परवानगीचं शंभर टक्के मान्य. "राहावंच लागतं" हे नाही. पाहुणा म्हणून खातं सहा महिने चालू ठेवायची सोय अनेक विद्यापीठांत असते, फक्त अर्ज खातं बंद व्हायच्या आधी करायचा असतो. जे उघडं करता येण्यासारखं आहे ते झेनोडो या ऑनलाइन डेटासंग्रहावर टाका. सर्न या युरोपीय संशोधन संस्थेने चालवलेलं आहे, २०१३ पासून. एका नोंदीत ५० जीबीपर्यंत बसतं आणि डीओआय (कायमचा ओळख क्रमांक) मिळतो. तो क्रमांक थिसिसमध्येच छापता येतो.

तळटीप

तुमचं डेटायुद्ध चालू द्या. माणसं अडकतात ती कागदावर.

अभ्यासक्रम पूर्ण झाल्याची तारीख आणि पदवी प्रदान झाल्याची तारीख वेगळ्या असतात, मध्ये कधी कधी काही महिने जातात. अर्जात पहिली लिहिली आणि पडताळणी करणाऱ्या एजन्सीला विद्यापीठाने दुसरी कळवली की अहवालावर "तफावत" असा शेरा येतो. खोटं कुणीच बोललेलं नसतं, तरी रुजू व्हायची तारीख पुढे जाते. उपाय साधा: निघण्यापूर्वी "सर्व अटी अमुक तारखेला पूर्ण, पदवी अमुक महिन्यात प्रदान होणार" असं कुलसचिवाच्या (रजिस्ट्रारच्या) सहीचं पत्र घ्या आणि अर्जात दोन्ही तारखा लिहा.

ट्रान्सक्रिप्टच्या (सगळ्या गुणांच्या अधिकृत नोंदीच्या) सीलबंद प्रती निदान तीन घ्या. पाकीट फोडलं की ती प्रत बाद, त्यामुळे स्वतःला बघायची असेल तर चौथी.

देश बदलत असाल तर अपोस्टिल, म्हणजे दुसऱ्या देशात चालणारं सरकारी प्रमाणपत्र. हेगचा करार ५ ऑक्टोबर १९६१ चा. दोन्ही देश त्यात असतील तर एका प्रमाणपत्रावर भागतं, नसतील तर कागद एकेका कार्यालयातून वकिलातीपर्यंत प्रमाणित करत न्यायचा. अपोस्टिल देतो तो देश जिथे कागद तयार झाला. म्हणजे घरी पोचल्यावर तिथल्या कार्यालयात रांग लावून काही होत नाही, कागद परत उलटा पाठवावा लागतो. आणि अपोस्टिल फक्त सही-शिक्का खरा असल्याचं सांगतो, तुमची पदवी तिथे मान्य आहे की नाही हे नाही. समकक्षतेचा अर्ज वेगळा.

सगळ्यात बारीक आणि सगळ्यात त्रासदायक: जुना फोन नंबर. बँक, ईमेल, जर्नलचं पोर्टल, सगळ्यांचे ओटीपी त्यावर येतात. सिम बंद करायच्या आधी एकेका खात्यात जाऊन नंबर बदला, उलट क्रमाने केलंत तर बदलायलाही ओटीपी लागतो. विद्यापीठाच्या ईमेलचंही तेच. ऑर्किड आयडीला (संशोधकाचा ओळख क्रमांक) खासगी पत्ता जोडून ठेवा, म्हणजे शोधनिबंध तरी हरवत नाहीत.

(धागाकर्ते बरोबर की परीक्षक, यात मला रस नाही.)

कोरा कागद

मला आहे. धागाकर्त्यांनी गृहीत धरलंय की गावात काम आहे.

आधी मोजा. घरापासून रोज जाऊन-येऊन करता येईल अशा अंतरात तुमच्या विषयाचा माणूस घेऊ शकतील अशा संस्थांची यादी करा, नावांसकट. मग गेल्या वर्षभरात त्यातल्या किती जणांनी तुमच्या पातळीची जागा काढली ते बघा. यादीत वीस नावं आणि पाच-सहा जागा असतील तर खुशाल परता. नावं तीनच असतील तर तुम्ही नोकरी शोधत नाही, त्या तिघांपैकी कुणीतरी निवृत्त व्हायची वाट बघताय. अशा विषयात पहिली नोकरी बाहेर करावी आणि दोन-तीन वर्षांनी अनुभव घेऊन परतावं.

घरून शोधताना आणखी एक सापळा असतो, ओळखीतून आलेली "तोपर्यंत कर" वाली नोकरी. पद तुमच्या शिक्षणाच्या दोन पायऱ्या खाली. तोपर्यंतचं वर्ष होतं, आणि पुढचा माणूस पगार ठरवतो तो या पगारावरून, पदवीवरून नव्हे.

अर्धविराम

मोजणीचा मुद्दा पटला, तो मूळ लेखात असायला हवा होता. "तोपर्यंत" वाली नोकरी मात्र घरीच चिकटते असं नाही. भाडं थकलं की परगावी ती जास्तच चटकन घेतली जाते. म्हणून तर शिल्लकीचा हिशेब आधी दिला.

आणि हल्ली घरून करण्याच्या नोकऱ्या आहेतच की.

कोरा कागद

आहेत. करारातलं "कामाचं ठिकाण" हे कलम वाचा. बऱ्याच कंपन्या ठरावीक देशांतूनच काम करू देतात, कारण तुम्ही बसाल तिथले कर आणि कामगार कायदे कंपनीच्या गळ्यात पडतात. न सांगता ठिकाण बदललं तर ते करार मोडायला पुरेसं कारण होतं.

बायोडेटाबद्दल कुणी बोललंच नाही. आठ पानी शैक्षणिक सीव्ही तसाच कंपनीला पाठवणं ही परतणाऱ्यांची लाडकी चूक. दोन पानं, आणि प्रकरणांची नावं नकोत. "पातळ थरांच्या गुणधर्मांचा अभ्यास" यातून मॅनेजरला काही कळत नाही. "थराची जाडी नमुन्यागणिक बदलत होती, कारण हवेतली आर्द्रता हे शोधलं, पद्धत बदलली, फरक निम्म्यावर आणला" हे कळतं. काम तेच, फक्त अडचण, कारण, उपाय आणि आकडा या क्रमाने मांडलेलं.

खिडकीजवळचं टेबल

घराविषयी कुणीच लिहिलं नाही, म्हणून.

शिकत असताना सुट्टीत घरी येणारा माणूस पाहुणा असतो. पदवी घेऊन परतलेला माणूस "मोकळा" असतो. गॅस सिलिंडर, बँकेची कामं, कुणाला तरी स्टेशनवर सोडणं, सगळं त्याच्या वाट्याला. यात कुणाचा दुष्टावा नसतो. लॅपटॉपसमोर बसणं हे काम वाटत नाही, इतकंच. पहिल्या आठवड्यात तीन गोष्टी तोंडी ठरवाव्या: कामाचे तास (उदा. सकाळी नऊ ते एक, त्यात दार बंद), घरखर्चातला वाटा, आणि पुन्हा बोलायची तारीख, समजा सहा महिन्यांनी. वाटा लहान असला तरी पहिल्या महिन्यापासून. तो नसला की तासांवरचा हक्कही सांगता येत नाही.

अर्धविराम

आईवडिलांशी असा करारनामा? हसतील हो.

खिडकीजवळचं टेबल

हसू देत. तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. सहाव्या महिन्यात "पुढे काय?" हा प्रश्न रोज जेवताना येण्यापेक्षा एकदाच येतो.

दुसरा परीक्षक

शेवटचं, आणि हे परतणाऱ्या प्रत्येकासाठी. निम्मा लिहिलेला पेपर. तुम्ही गेल्यावर गाइड तो नव्या विद्यार्थ्याला देतो, तो दोन प्रयोग जास्तीचे करतो, आणि पहिलं नाव कुणाचं यावर वाद सुरू होतो. निघण्यापूर्वी एक ईमेल: पहिला लेखक कोण, कोणतं जर्नल, आणि अमुक तारखेपर्यंत माझ्याकडून मसुदा आला नाही तर काय. कुणी काय केलं हे क्रेडिट (लेखकांचं योगदान नोंदवायची पद्धत) मधल्या १४ भूमिकांनुसार लिहून ठेवलं तर नंतर भांडायला जागा कमी उरते. शिफारसपत्राचंही तेव्हाच बोलून घ्या. दीड वर्षाने गाइडला तुमचं नाव आठवतं, काम आठवत नाही. म्हणून एका पानात कामाचा गोषवारा त्यांच्याकडे ठेवून निघा.

माझी भूमिका तीच: ऑफर नसली तरी एकवेळ चालेल, पण थिसिस पूर्ण सुटेपर्यंत निघू नका.

अर्धविराम

म्हणजे "आधी ऑफर" तुम्हीही सोडलंत! मग मीही "जमा केली की" सोडतो. अंतिम प्रत स्वीकारल्याची पावती हातात आली की निघायचं. चालेल?

दुसरा परीक्षक

चालेल. पण ती पीडीएफ म्हणून उतरवून घ्या. पोर्टलवरचा हिरवा टिक पुरेसा नाही, ते लॉगिनही विद्यापीठाच्याच खात्यावर असतं.