जर्मनीत पोळ्या वातड होतात, कोणतं पीठ घ्यावं?

सायली_लाइपझिग
आम्हा दोघांना इथे येऊन चार महिने झाले. सुपरमार्केटमधून ४०५ लिहिलेलं गव्हाचं पीठ आणते. पोळी तव्यावर छान फुगते, पण डब्यात तासाभरात वातड! नवऱ्याला दुपारी ती अक्षरशः ओढून तोडावी लागते, फार वाईट वाटतं. भारतीय दुकान ट्रॅमने पाऊण तासावर आहे. जवळपास मिळणारं कोणतं पीठ चालेल?

कोथरूडकर
४०५ म्हणजे आपला मैदाच. तो आकडा राखेचा: १०० ग्रॅम पीठ जाळलं की साधारण तितके मिलिग्रॅम क्षार उरतात. आकडा मोठा, तसा कोंड्याचा अंश जास्त. १०५० आणून बघा.

माईची_लेक
मी बारा वर्षं निम्मं ५५० आणि निम्मं 'फोलकोर्न' घेते. फोलकोर्न म्हणजे अख्ख्या गव्हाचं, त्यावर आकडाच नसतो. कोंडा जरा जाड असतो, म्हणून पाणी थोडं जास्त घालून सैलसर मळायचं आणि तासभर झाकून ठेवायचं. ही तासाभराची मुरवण टाळू नकोस गं, सगळं तिथेच आहे. उतरवल्या उतरवल्या तूप लावून सुती फडक्यात गुंडाळ.

सायली_लाइपझिग
ताई, रविवारी दुकानं बंद, म्हणून शनिवारीच दोन्ही पिठं आणली. आज सकाळची पोळी आत्ता रात्री दुमडून पाहिली, कडासुद्धा मऊ! सोबत क्वार्क (इथलं घट्ट दह्यासारखं ताजं चीज) फडक्यात टांगून श्रीखंड केलं, चक्क्यासारखंच लागलं. खूप खूप आभार.