टोकियोतील जपानी बाग पाहावी तरी कशी?

प्रश्न

येत्या वसंतात कामानिमित्त टोकियोला जाणे होणार असून एक दुपार मोकळी मिळेल. मागच्या खेपेस मी कोइशिकावा कोराकुएन ही बाग पाहिली होती. तळे, अर्धगोल कमानीचा दगडी पूल, निगुतीने छाटलेली झाडे असे सारे काही तिथे होते. तरीही वीस मिनिटांत फेरी आटोपून मी बाहेर पडलो आणि मनात फारसे काही उरले नाही. शेजारच्या टोकियो डोम या बंदिस्त क्रीडागाराचे पांढरे छत झाडांवरून डोकावत होते, त्यामुळे आपण शहरातच आहोत हे विसरता येईना. माझी निवड चुकली की पाहण्याची रीत? त्या एका दुपारी कोणती बाग पाहावी आणि कशी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर

निवड मुळीच चुकली नाही. 1629 मध्ये सुरू झालेली ती बाग टोकियोतील सर्वांत जुन्या बागांपैकी आहे. मात्र अशा बागा एका जागी उभे राहून नजरेत भरून घ्यायच्या नसतातच. तळ्याभोवतीची वाट मुद्दाम वळवलेली असते आणि पुढचे दृश्य टेकाडाआड किंवा फांदीआड झाकून, दहा पावलांनंतर उघड केलेले असते. जलद चालणाऱ्याला ही लपाछपी जाणवतच नाही.

माझ्या मते आपण कोमागोमे स्थानकाजवळच्या रिकुगिएनला जावे. शोगुन, म्हणजे जपानचा लष्करी शासक, त्सुनायोशी याचा विश्वासू सरदार यानागिसावा योशियासु याने ती 1702 मध्ये पूर्ण केली आणि वाका या पारंपरिक जपानी कवितेतून प्रसिद्ध झालेल्या स्थळांवरून तिच्यात 88 दृश्ये योजली. तिथली फुजिशिरो टेकडी अवश्य चढावी, कारण खालून तुकड्यातुकड्यांनी पाहिलेले तळे तिथून प्रथमच सलग दिसते. उतरल्यावर दोन मोठ्या शिळांच्या तोगेत्सुक्यो पुलावर जरा थांबावे. चालताना पावलांखालच्या दगडांकडेही लक्ष असू द्यावे: जपानी बागेत ते बहुधा लहान आणि उंचसखल असतात, म्हणून चाल आपोआप मंदावते व नजर खाली राहते, मग एखादा रुंद, सपाट दगड येतो, पाय स्थिरावतो, मान वर होते आणि समोर नेमके ते दृश्य असते, ज्यासाठी तो दगड तिथे बसवलेला असतो. हा अनुभव मला कोणत्याही फुलोऱ्यापेक्षा मोलाचा वाटतो.

दुसरे उत्तर

वरील उत्तराशी मी बव्हंशी सहमत आहे, पण शहर दिसले म्हणून बाग बिघडली, असे मला वाटत नाही. हामारिक्यू बागेत शेजारच्या शिओदोमे भागातल्या उत्तुंग इमारती तळ्यामागे सरळ उभ्या दिसतात आणि तरीही तिथली शांतता खरी आहे. तिथल्या मोठ्या तळ्यात टोकियो उपसागराचे पाणी दारांवाटे आत-बाहेर सोडले जाते, त्यामुळे भरती-ओहोटीबरोबर काठाची रूपरेषा बदलत राहते. तळ्यातल्या चहाघरात बसून वाटीभर माच्चा, म्हणजे हिरव्या चहाच्या पुडीचा चहा, घ्यावा आणि काठावरच्या दगडांची ओली रेघ पाहत राहावे. मी तिथे दीड तास बसलो होतो. तेवढ्यात ती रेघ चांगलीच खाली सरकली होती.

वेळेबाबत एक सूचना: या बागा साधारणपणे सायंकाळी 5 वाजता बंद होतात आणि शेवटचा प्रवेश साडेचारला असतो, तेव्हा दुपारी लवकर निघावे.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

दोघांचेही मनःपूर्वक आभार. एकाच बागेला सारी दुपार द्यावी, हे आता पटले, रिकुगिएनला जाईन. आणखी एक शंका आहे. मागच्या खेपेस एका फाट्यावर, पायवाटेच्या दगडावर, काळ्या दोरीने चौफेर बांधलेला मुठीएवढा गोटा ठेवलेला होता. शोभेची वस्तू समजून मी तो ओलांडून पुढे गेलो. तो कशासाठी असतो?

उत्तर

त्याला सेकिमोरी-इशी, म्हणजे नाक्याचा रखवालदार दगड, असे म्हणतात. या वाटेने पुढे जाऊ नये, एवढाच त्याचा अर्थ. चहाघराभोवतीच्या बागांत पाहुण्याला योग्य वाटेने नेण्यासाठी यजमान तो ठेवतो आणि काम झाले की दोरीच्या गाठीला धरून उचलून घेतो. कुंपण नाही, पाटी नाही. लहान मूलही सहज ओलांडील असा तो गोटा पाहून माहीतगार माणूस मुकाट्याने दुसऱ्या वाटेला वळतो. यापुढे तो दिसला की आपणही तसेच वळावे. पाहण्याजोगे दृश्य बहुधा त्या दुसऱ्या वाटेलाच योजलेले असते.