जेवणाच्या हॉलमध्ये तानपुरे टांगायचे आहेत, काय जपावं?

जांबोटी रस्ता: गोव्याला जाणाऱ्या पर्यटकांसाठी हॉटेल काढतोय, विषय नाट्यसंगीत. भिंतीवर जुने तानपुरे आणि पेटी, जेवताना रेकॉर्डिंग, शनिवारी प्रत्यक्ष गाणं. हॉल ४० बाय २५ फूट, वर पत्रा. आमच्या पावसात वाद्यं टिकतील का? आवाज कसा बसवू?

वाद्यदुरुस्ती, मिरज: टिकतील. पण तानपुऱ्याच्याच खुंटीला दोरी बांधून तो कधीच टांगू नका. खुंटी सैल झाली की वाद्य खाली आणि भोपळ्याला तडा. भोपळ्याखाली गादी लावलेली फळी द्या, दांडीला जाड कापड गुंडाळलेला लाकडी आकडा. भिंतीपासून २ इंच अंतर ठेवा, नाहीतर ओल थेट लाकडात जाते. तारा उतरवा, म्हणजे सैल करा. ताण तसाच राहिला तर दमट हवेत तबली (भोपळ्यावरची लाकडी पाटी) दबते. अगदी काढूनही टाकू नका, घोडी (तारांखालचा आधार) सरकते. स्वयंपाकघराला लागून असलेल्या भिंतीवर काहीच नको, तेलकट वाफेवर धूळ चिकटून बसते. पेटी काचेच्या कपाटात, भाता मिटवून. उंदीर आधी भाताच कुरतडतात.

आणखी एक, पर्यटक तारा छेडणारच. एक तानपुरा सुरात लावून हाताळायला खाली ठेवा, बाकीचे हात पोचणार नाही एवढे वर.

ध्वनी, टिळकवाडी: दोन मोठे स्पीकर लावू नका. त्यांच्याजवळच्या टेबलावर बोलता येत नाही आणि कोपऱ्यात ऐकू येत नाही. सहा छोटे, हलक्या आवाजात. त्याआधी पत्र्याखाली ग्लासवूल (काचेच्या तंतूंचा, आवाज शोषणारा थर) घालून फॉल्स सीलिंग करा, नाहीतर जुलैत पावसापुढे गायक ऐकूच येणार नाही. अंगणात कार्यक्रम असेल तर लाऊडस्पीकर रात्री १० ला बंद.

जांबोटी रस्ता: रेकॉर्डिंग लावायला परवाना लागतो?

हक्क-नोंद: लागतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा, गीत-संगीताचा वेगळा. मुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं, गीताचा कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. ‘सौभद्र’ नाटक लिहिणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, १८८५ मध्ये गेले. त्यामुळे ‘सौभद्र’ची पदं शनिवारी गायकाकडून खुशाल गाऊन घ्या. त्याच पदाचं अलीकडचं रेकॉर्डिंग लावायचं असेल तर मात्र परवाना घ्या. मोबाइलवरच्या गाण्याच्या ॲपची वर्गणी घरापुरती असते, हॉटेलात ती चालत नाही.