न्गो बाओ चाऊ आणि हैदराबाद

‘पीएचडीला बाहेर गेलेल्या मुलांना व्हिएतनाम कायमचा मुकतो’ हे या चर्चेत मांडलेलं मत मला अर्धंच पटतं. व्हिएतनामी गणिती न्गो बाओ चाऊंचंच बघा. पॅरिसजवळच्या ओर्सेला डॉक्टरेट, पुढे तिथेच प्राध्यापकी, आणि गणिती रॉबर्ट लँगलँड्स यांच्या ‘फंडामेंटल लेमा’ या अनेक वर्षं सिद्ध न झालेल्या विधानाची सिद्धता. त्यासाठी २०१० साली फील्ड्स पदक, म्हणजे गणितातला सर्वोच्च मानला जाणारा सन्मान, मिळालं ते आपल्या हैदराबादला भरलेल्या गणितज्ञांच्या आंतरराष्ट्रीय अधिवेशनात, हे इथे कुणीच लिहिलं नाही!

नोकरी त्यांनी शिकागोत धरली, खरं आहे. पण त्याच वर्षी हनोईत गणिताची प्रगत संशोधन संस्था स्थापन झाली आणि तिचं वैज्ञानिक संचालकपद त्यांनी घेतलं. परदेशातले गणिती काही काळ तिथे राहून स्थानिक तरुणांबरोबर काम करतात. आणि जुन्या पिढीतले व्हिएतनामी गणिती ले व्हान थिएम तर फ्रान्समध्ये शिकून १९४९ साली, फ्रान्सविरुद्धच्या ऐन युद्धात मायदेशी परतले होते.